हायड्रोजनला कोणता रंग

त्या वर्षी मी रोज चौसाळ्याहून केजला जात होते. मांजरसुंब्यापर्यंत एसटी, तिथं उतरून केजची जीप, आणि जीप गच्च भरल्याशिवाय ड्रायव्हर जागचा हलायचा नाही. मला थांबणं जमत नाही, तेव्हाही जमत नव्हतं. मी जीपमध्ये बसायचे, उतरायचे, रस्त्याच्या कडेला चार पावलं टाकून पुन्हा बसायचे. एकदा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, तुमी एकट्याच तीन पाशिंजरची चढउतार करायला लागल्या." चौसाळ्यात आमच्या आप्पांचं किराणा दुकान होतं. पायाला भिंगरी आणि जिभेला धार, देवानं दोन्ही एकाच पोरीला देऊन टाकलं, असं ते गिऱ्हाइकांना सांगायचे आणि ते मला आत ऐकू यायचं.

केजला तहसीलसमोरच्या एका फोटो स्टुडिओत मी कॉम्प्युटरवर होते. नवं शतक नुकतं लागलं होतं. एसटीडीच्या पिवळ्या पाट्या गल्लोगल्ली झाल्या होत्या, घराघरावरून केबलच्या तारा गेल्या होत्या, आणि कॉम्प्युटर शिकलं की पोरीचं कल्याण होतं अशी सगळ्यांची खात्री होती. मी बीडला सहा महिन्यांचा कोर्स केला आणि त्या खुर्चीत येऊन बसले. स्टुडिओचे मालक जुन्या डार्करूममधले. कॉम्प्युटर त्यांनी हौसेनं आणला, पण माउसला हात लावायचे ते गरम तव्याला लावावा तसा. त्यामुळं मशीन माझंच होतं.

काम म्हणजे लग्नाचे अल्बम, अर्जाचे फोटो आणि स्थळांना पाठवायचे मुलींचे फोटो. मालकांनी पहिल्या दिवशी मला एकच गोष्ट शिकवली होती, पांढरा ठिपका दिसला की काढायचा. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की प्रिंटवर पांढरा ठिपका उमटतो. त्यांची निम्मी हयात बारीक ब्रश आणि शाई घेऊन असे ठिपके भरण्यात गेली होती. मी तेच कॉम्प्युटरवर करायचे, शेजारचा रंग उचलून ठिपक्यावर ठेवायचे. हात इतका बसला होता की गिऱ्हाइकाशी बोलता बोलता ठिपके जायचे. झालं की गिऱ्हाइकाला पडद्यापुढं बसवायचं. त्यानं "पास" म्हटलं की मगच प्रिंट. एकदा पास म्हटल्यावर तक्रार चालायची नाही, हा मालकांचा नियम होता.

एका दुपारी कॉलेजातले फिजिक्सचे सर एक सीडी घेऊन आले. सर मूळ धारूरचे, वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणं हळू, आणि समोरचा माणूस बोलून संपेपर्यंत थांबायची सवय. मला ती सवय फार वेळ सोसत नाही.

"ताई, हे तुमच्या मशिनीवर उघडंल का?"

धारूरला डोंगराच्या कडेला त्यांच्या भावाचं शेत होतं. पुण्याचे त्यांचे एक मित्र थंडीत दुर्बीण आणि कॅमेरा घेऊन आले होते, आणि दोघांनी त्या शेतात तीन रात्री मृगाच्या शेजारच्या एका तेजोमेघाचे फोटो काढले होते. मित्र दुर्बीण घेऊन परत गेले, आणि फोटो व ते उघडायचं सॉफ्टवेअर सीडीवर देऊन गेले. कॉलेजात एक कॉम्प्युटर होता, पण तो ऑफिसात कव्हर घालून ठेवलेला असायचा. दीड महिन्यानं कॉलेजचं गॅदरिंग होतं, त्यात विज्ञानाचं प्रदर्शन. सरांना हा फोटो तिथं लावायचा होता, मोठा आणि रंगीत. मालकांची मुलगी त्यांच्या वर्गात होती, तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, त्या वेळात करा, मालक म्हणाले.

सॉफ्टवेअर चढवलं, सीडी उघडली. चाळीस फोटो होते आणि चाळीसही काळेकुट्ट. कुठंतरी पाचदहा पांढरे ठिपके.

"सर, ह्यात काईच न्हाई."

"हाय. वढून काढावं लागतंय."

मग त्यांनी समजावलं. त्या ढगात वायू आहेत, आणि प्रत्येक वायू आपल्या ठरलेल्या रंगाचाच प्रकाश देतो. कॅमेऱ्यापुढं एक अशी काच लावायची की जिच्यातून फक्त हायड्रोजनचा प्रकाश आत येईल, बाकी चंद्राचा, गावाच्या दिव्यांचा, सगळा बाहेर. चहा खाली येतो आणि भुकटी वर राहते तसं. अशा काचेतून वीस फोटो काढायचे. मग काच बदलून ऑक्सिजनचे वीस. कॅमेरा काळापांढराच. कुठला वायू कुठं आणि किती आहे एवढंच तो सांगतो.

"मंग रंग?"

"रंग आपुन द्यायचा," सर म्हणाले. "पुस्तकात हायड्रोजन लाल दिलाय. ऑक्सिजन हिरवट."

मला त्या वेळी 'पुस्तकात' या शब्दाचं काही वाटलं नाही.

मला पी हळद अन् हो गोरी असलं काम आवडतं. ह्या कामानं माझा जीव काढला. आधी कॅमेऱ्याला झाकण लावून काढलेले, सीडीवर वेगळे ठेवलेले रिकामे फोटो घ्यायचे. कॅमेरा तापला की त्याच्या पोटातच काही ठिपके उमटतात, ते त्या रिकाम्या फोटोत दिसतात, आणि ते खऱ्या फोटोतून वजा करायचे. मग वीस फोटो एकावर एक ठेवायचे. दर फोटोत दोन तारे निवडून सांगायचं की हा तो आणि तो हा, मग मशीन ते फिरवून जुळवणार. एका फोटोला चार मिनिटं. पडद्यावर एक निळी पट्टी डावीकडून उजवीकडं सरकायची, आणि मी उठून दारात जायचे, तहसीलसमोरचे अर्जवाले बघायचे, परत यायचे, तर पट्टी तिथंच. सर शांत बसलेले. मला त्यांच्या शांत बसण्याचाही राग यायचा. आणि पट्टी पाऊण झाली की लाईट जायची.

कॉम्प्युटरला जोडलेल्या बॅटरीच्या डब्यावर दिवा होता. लाईट असली की हिरवा, गेली की लाल, आणि लाल झाला की पाच मिनिटांत सगळं वाचवून मशीन बंद करायचं. पंखा बिघडलेला, ट्यूब दुपारी लावायची नाही, त्यामुळं लाईट गेली हे त्या दिव्यावरूनच कळायचं. सर डब्याच्या अगदी शेजारी बसायचे आणि तरीही मलाच विचारायचे, "ताई, आली का लाईट?" मी मनात म्हणायचे, हातच्या काकणाला आरसा कशाला, दिवा तुमच्या मांडीशी आहे.

पाचव्या दिवशी हायड्रोजनचे वीस फोटो एक झाले. पडदा अजूनही काळाच. सरांनी मला एक वाकडी रेघ दाखवली, ती रेघ माउसनं वर ओढायची. अंधारातलं जेवढं फिकट आहे तेवढं वर येतं, उजेडातलं जागेवर राहतं. मी ओढली. काळ्यात राखेसारखं काहीतरी हललं. पुन्हा ओढली. आणि एक कडं वर आलं, फुलाच्या पाकळ्यांसारखं, मध्ये पोकळ, कडेला काळ्या धाग्यांच्या गुठळ्या. मी खुर्चीतून उठले होते हे मला नंतर कळलं. मी मालकांना हाक मारली, समोरच्या झेरॉक्सवाल्याला हाक मारली. मला इतका आनंद झाला होता की कुणाला तरी दाखवल्याशिवाय राहवेना. सर तेवढे बसून राहिले, हात गुडघ्यावर. "दिसतंय," ते म्हणाले. "सगळं दिसतंय."

आता विचार केला की कळतं, तो काळापांढरा फोटो ही त्यांची आणि आमची शेवटची बरोबरीची जागा होती.

पुढचे दोन दिवस त्यांच्या परीक्षा होत्या. जाताना ते म्हणाले, कॅमेऱ्याचे काही ठिपके अजून राहिलेत, ते काढून टाका. मी म्हटलं, त्यात काय. दोन दिवस मी मान वर केली नाही. लग्नाचा एक अल्बम मागं टाकला. सगळा फोटो स्वच्छ केला, एक ठिपका ठेवला नाही. पाकळ्या कशा मखमलीसारख्या दिसत होत्या. सर आले, बसले, फोटो या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितला.

"ताई, तारे कुठं गेले?"

"कुठले तारे?"

"हितं शे-दीडशे तारे होते."

मी पडद्याकडं बघितलं. जुळवायला मीच दर फोटोत निवडलेले दोन तारेसुद्धा हाताच्या सवयीनं गेले होते. मालक मागून आले, वाकून बघितलं आणि हसायला लागले. त्यांचा हात, माझा हात, एकाच वळणाचा. आकाशातले तारे आम्ही धूळ म्हणून झाडून काढले होते. सर रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "कॅमेऱ्यानं घातलेलं काढायचं. तिथून आलेलं काढायचं न्हाई." मला फार लाज वाटली, आणि लाज वाटली की मी चिडते. नशीब, मूळ फाईल होती. मी पुन्हा केलं.

मग ऑक्सिजनचे वीस. तो ढग वेगळा निघाला, कड्याच्या मधल्या पोकळीत भरलेला, मऊ. दोन काळेपांढरे फोटो तयार झाले. मशीनमध्ये रंगाचे तीन कप्पे असतात, लाल, हिरवा आणि निळा. कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं ते आपण ठरवायचं. सरांनी सांगितलं होतं लाल आणि हिरवट. मी हायड्रोजन लाल कप्प्यात ठेवला, ऑक्सिजन हिरव्यात, आणि लग्नाच्या अल्बमात शालू आणि चुडा जसा उठावदार करतो तसे दोन्ही रंग चढवले. लाल कडं आणि मध्ये गर्द हिरवं. माझ्या आयुष्यात मी त्याच्याइतकं सुंदर काही केलं नव्हतं, असं मला वाटलं.

सर आले. मी खुर्ची सरकवली. "बसा. पास म्हना."

ते बसले. पुढं वाकले. मागं झाले. चष्मा काढून पुसला.

"सगळा एकच रंग झालाय," ते म्हणाले. "कडा अंधारल्या. ऑक्सिजन कुठं सुरू होतो कळंना."

मला वाटलं ते माझी परीक्षा घेतायत. मग वाटलं, ताऱ्यांच्या चुकीचा सूड घेतायत. अडीच आठवड्यांची निळी पट्टी, दोनदा जुळवलेले फोटो, पडून राहिलेला अल्बम, सगळं माझ्या जिभेवर आलं.

"कळंना कावून? लाल लाल हाय, हिरवं हिरवं हाय. लहान लेकराला कळंल. डोळे तपासून घ्या सर."

सर उठले. सीडी टेबलावरच राहिली. "बरं," म्हणाले आणि गेले.

मी तिथंच थांबले असते तर बरं झालं असतं. पण मालक आत आले आणि काय झालं विचारलं, आणि मी हात उडवून सांगितलं, "अहो, सरांना लाल-हिरवं कळत न्हाई." टोमणा म्हणून म्हणाले होते. वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मला ते स्वतःलाच ऐकू आलं. मांडीशी असलेला दिवा आणि "ताई, आली का लाईट?" पुस्तकात लाल दिलाय. मी खाली बसले. मालक हसत होते. "म्हंजे, फिजिक्सच्या सराला?" ते म्हणाले. मालकांचा संध्याकाळचा चहा कॉलेजच्या हेडक्लार्कबरोबर असायचा. मला ते ठाऊक होतं. मी म्हटलं, "मी आपलं रागानं बोलले, कुठं बोलू नका." उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि वर दुसऱ्याला सांगायचं की जीभ आवर.

आठ दिवस सर आले नाहीत. ते आठ दिवस माझे कसे गेले ते सांगायला नको. दारात कुणाची सावली पडली की मी उठायचे. कॉलेजात जाऊन माफी मागावी असं रोज वाटायचं आणि रोज जीपची वेळ व्हायची. नवव्या दिवशी दुपारी ते आले, नेहमीच्या जागी डब्याशेजारी बसले आणि पडद्याकडं बघत म्हणाले, "तुमाला कळलंच असंल."

मी मान हलवली.

रेल्वेत नोकरी लागत आली होती, ते सांगू लागले, तेवीस वर्षांचे असताना. लेखी झालं, तोंडी झालं. मेडिकलला डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं केलं आणि विचारलं, आकडा कुठला? त्यांना आकडाच दिसेना. घरी सांगितलं की जागा कमी होत्या. तेव्हापासून कुणालाच सांगितलं नाही, बायकोलाही नाही. प्रयोगशाळेत प्रकाशाच्या रेषा मोजायच्या असतात, तिथं ते मुलांनाच रंग म्हणायला लावायचे आणि मुलांना वाटायचं सर परीक्षा घेतायत. बावीस वर्षं असं चाललं होतं.

"शिकवतो प्रकाश," सर म्हणाले, "अन् लाल बघितला न्हाई. कॉलेजात कळलं तर पोरं वर्गात लाल खडू दावून इचारतील. तेवढं मला सोसणार न्हाई." मग थांबून म्हणाले, "तुमी कुनाला बोलला न्हाईत ना?"

आम्ही लिंगायत, आमच्यात इष्टलिंग गळ्यात असतं. लहानपणापासून एक शिकवलेलं, त्याला हात लावून खोटं बोलायचं नाही. बाजारात मापाची शपथ लोक उठता बसता घेतात, पण आप्पांना मी कधी गळ्याकडं हात नेताना बघितलं नाही. मी हात नेला. ओढणीवरून धरलं आणि म्हणाले, "न्हाई सर. कुनालाच न्हाई."

हात पटकन खाली घेतला. त्यांना खरं सांगितलं तर ते उठून जातील आणि फोटो राहून जाईल, ही भीती होती. आणि भित्रेपणाही होता, तो कशाला झाकू.

मी लगेच मशीनकडं वळले, कारण त्यांच्याकडं बघवत नव्हतं. म्हटलं, रंग आपणच द्यायचा आहे ना, मग पुस्तकातलाच कशाला? एक एक कप्पा हलवते, वेगळं दिसलं की थांबा म्हणा. लाल कमी केला. "अंधारलं." हिरवा वाढवला. "उजळलं, पन तसंच." मग मी हायड्रोजन लाल आणि हिरवा अशा दोन्ही कप्प्यांत घातला. दोन्ही मिळून पिवळं होतं, हळदीसारखं. ऑक्सिजन उचलून एकट्या निळ्यात ठेवला. माझ्या डोळ्यांपुढं कडं पिवळंधमक झालं आणि मधली पोकळी निळी.

सर पुढं वाकले, मागच्या वेळेसारखेच. मला वाटलं हेही गेलं, मी माउस पुन्हा हलवला.

"थांबा," ते म्हणाले.

त्यांनी बोट काचेला लावलं, पिवळ्याच्या आतल्या कडेवर, आणि ती कड हळूहळू गिरवत पूर्ण कडं फिरून आले. "हितं हायड्रोजन संपतो," म्हणाले, "अन् हितं ऑक्सिजन सुरू होतो." मग पुन्हा फिरवलं. त्यांचे डोळे भरले होते आणि त्यांनी ते पुसले नाहीत. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं आणि इतकं वाईट वाटलं की मी उठून मागच्या डार्करूममध्ये गेले आणि रिकाम्या ट्रेपुढं उभी राहिले.

प्रिंट एकच निघणार होती, मोठी, औरंगाबादच्या लॅबमधून. सर म्हणाले, लाल-हिरवा पाठवा, लोकांना तेच बरोबर वाटंल. मी म्हटलं, खोटा तर दोन्हींचा रंग आहे, मग तुम्हाला दिसतो तो का नाही? मीच हट्ट केला. त्यांनी दोन दिवस विचार केला आणि पडद्यापुढं बसून, थोडं हसून, "पास" म्हणाले. पार्सल गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मालक चहावरून आले आणि सहज म्हणाले, "हेडक्लार्क म्हनत होता, तुमच्या रंगआंधळ्या सराचा फोटो कधी येतोय?" मी मालकांना जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. ते म्हणाले, "अगं, तूच तर सांगितलं."

प्रदर्शनाच्या दिवशी मी सकाळीच गेले. कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, ज्वालामुखी, पाणी शुद्ध करायचं यंत्र, लिंबावर चालणारं घड्याळ, आणि शेवटच्या भिंतीवर आमचा ढग. खाली पाटीवर सरांच्या अक्षरात लिहिलेलं, कुठून काढला, किती वेळ, कुठल्या वायूचा. सर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून शेजारी उभे. मी त्यांच्यापासून चार हातांवर, एका जागी पाय ठरत नव्हते. लोक यायचे, बघायचे, पुढं जायचे. मुलांचे आईबाप आले होते, खेड्यापाड्यांतून.

अकराच्या सुमारास हेडक्लार्क आला, बरोबर ऑफिसातले दोघं. त्यानं पाटी वाचली. मग हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "सर, पुस्तकात तर हायड्रोजन लाल असतोय. ह्यो पिवळा कावून केला?" त्याच्या मागचा एकजण हसला. दोनतीन मुलंही हसली, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. मी पुढं झाले आणि तिथंच थबकले. माझंच बोलणं तर तिथं उभं होतं.

सरांनी नेहमीसारखं समोरच्याला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाले, "हायड्रोजन लालच असतो. मला लाल दिसत न्हाई. जन्मापासून. मला जे दिसतं त्यात तो पिवळा केला."

हेडक्लार्कनं हसायचा प्रयत्न केला, पण त्याला साथ मिळाली नाही. सरांनी नाकारावं असं बहुधा त्याला हवं होतं. तो दुसऱ्या टेबलाकडं वळला. मला वाटलं, आता सर निघून जातील. ते गेले नाहीत, पण पाटीच्या कडेला धरलेली त्यांची बोटं पांढरी पडली होती.

गर्दीतून एक मेंढपाळ पुढं आला, खांद्यावर घोंगडी, एका विद्यार्थिनीचे वडील. ती त्यांना मागं ओढत होती. ते सरांपुढं उभे राहिले.

"सर, तुमाला लाल दिसत न्हाई म्हंजी कसं दिसतंय?"

"अंधारल्यासारखं. काळपट."

त्यांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. "माझं बी तसंच हाय," म्हणाले. "भाऊ त्याच्या मेंढरांच्या पाठीवर लाल पट्टा वढायचा. काळ्या मेंढरावर मला काईच दिसायचं न्हाई. चरताना कळप मिसळला की मी त्याची मेंढरं आपली म्हनून हाकून आनायचो. भाऊ म्हनला, चोर हाय. दोन साल बोलला न्हाई. मला वाटलं माझंच टाळकं खराब हाय." मग फोटोकडं मान वळवली. "ह्यात भवतीनं पिवळं हाय. मदी निळं हाय."

"मला बी तेवढंच दिसतंय," सर म्हणाले.

"मंग आपलं दोघांचं बरुबर हाय."

सर हसले. त्यांनी त्या माणसाचा हात धरला आणि त्याला फोटोच्या अगदी जवळ नेलं, आणि कडं कुठं संपतं ते बोटानं दाखवायला लागले. मुलगी आता बापाला ओढत नव्हती.

दुपारी हॉल रिकामा झाल्यावर मी सरांना मदत करायला थांबले. खिळे काढता काढता मी म्हणाले, "सर, मालकांना मीच सांगितलं होतं. तुमी रागानं गेल्ता त्याच दिवशी. नंतर गळ्याला हात लावून खोटं बोलले."

सर प्रिंटची गुंडाळी करत होते. "म्हाईत हाय."

"कधी कळलं?"

"तुमच्याकडं परत आलो त्याच्या आदल्या दिवशी. हेडक्लार्कनं लाल पेन दावून इचारलं, सर ह्यो कुठला रंग. तुमच्याबिगर कुनाला म्हाईतच नव्हतं."

"मंग मला इचारलं कावून?"

"तुमी खरं बोलताल वाटलं." त्यांनी गुंडाळीला दोरा बांधला, गाठ मारली. "हात गळ्याला नेला तवा थांबवावं वाटलं. पन तुमी लई भ्यालेल्या दिसल्या. ती आन मी धरली न्हाई, ताई. तुमी बी धरू नका."

मी मात्र ती धरली. अजून धरलेलीच आहे.